हवा एक सेंटिमीटर, मागतात मुंबई-पुणे

सकाळी सव्वासातला पुण्याहून डेक्कन क्वीन सुटते आणि दहा पंचवीसला मुंबईत पोचते. तीन तास दहा मिनिटं. तेवढ्या वेळात यूट्यूबवर किती व्हिडिओ चढतात, सांगा बघू! काही वर्षांपूर्वी कंपनीनेच दिलेला आकडा आहे : दर मिनिटाला ५०० तासांहून जास्त. म्हणजे पहिल्या मिनिटात, गाडीने पुण्याचा फलाट सोडेपर्यंत, २० दिवस आणि २० तास बघत बसावं एवढा ऐवज जमा झालेला असतो. लोणावळा येतं तोवर ३० हजार तास, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षं. आणि मुंबईला उतरताना? ९५ हजार तास. जवळजवळ ११ वर्षं! तुमच्या मांडीवर आठवड्याचं तान्हं बाळ असलं आणि त्याला हे सगळं सलग दाखवायला बसवलं, झोप नाही, दूध नाही, बालवाडी नाही, तर शेवटचा व्हिडिओ संपेल तेव्हा ते पाचवीच्या वर्गात शोभेल एवढं झालेलं असेल. एका गाडीची एक फेरी, फक्त.

दिवसाचा हिशेब केला तर ७ लाख २० हजार तास. ८२ वर्षं. एका दिवसाचं पीक, बघायला एक अख्खा जन्म. उद्याचं उद्या.

आता सगळे म्हणतात की मुलांना या इंटरनेटवरच्या घाणीपासून वाचवा. अगदी खरं आहे, कोण नाही म्हणेल? पण वाचवायचं तर कुणीतरी आधी बघायला हवं. आठ तासांची पाळी धरली आणि रोजचा प्रत्येक व्हिडिओ एकदाच, कुठेही न थांबवता बघायचा म्हटलं, तरी ९० हजार माणसं लागतील. वानखेडे स्टेडियम जवळजवळ पावणेतीन वेळा भरेल एवढी. तीही रविवार न घेता, आजारी न पडता, जेवायला न उठता. आणि हे एकट्या यूट्यूबचं झालं. इन्स्टाग्राम आहे, स्नॅपचॅट आहे, टेलिग्राम आहे, मुलांचे ऑनलाइन खेळ आहेत. माणसाने बघून निवडायचं हे काम तिथेच संपतं.

ज्यांनी बघितलं त्यांचं काय झालं, त्याचाही एक आकडा आहे. फेसबुकवरच्या हिंसा-अत्याचाराच्या पोस्टी तपासून मानसिक आजार जडले म्हणून अमेरिकेतल्या तपासनीसांनी दावा लावला. मे २०२० मध्ये तडजोड झाली. तपासनीस ११,२५०, भरपाई ५ कोटी २० लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने साधारण ३९० कोटी रुपये. वाटणी केली तर माणशी साडेतीन लाखांहून कमी, आणि खात्रीचे असे तर फक्त हजार डॉलर, पाऊण लाख रुपये. घाण उपसण्याची मजुरी म्हणा हवी तर.

म्हणून मग यंत्र आलं. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद यांच्याबरोबर ‘फोटोडीएनए’ नावाचं तंत्र बनवलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा एखादा फोटो पोलिसांना एकदा सापडला की त्याचं १४४ आकड्यांत सार काढायचं, आणि इंटरनेटवर पुन्हा कुठेही तेच आकडे जुळले की घंटा वाजवायची. हे कसं जमतं ते गणितवाल्यांवर सोपवू. जमतं, एवढं खरं. घंटा वाजली की अमेरिकेतल्या कंपन्यांना ती बातमी ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन’ या संस्थेला कळवावी लागते.

या संस्थेची तक्रारखिडकी उघडली १९९८ मध्ये. त्या वर्षी तीन हजारांच्या थोड्या वर खबरा आल्या. म्हणजे साधारण तीन तासांना एक. डेक्कन क्वीनच्या एका फेरीत एक खबर! २०१४ मध्ये वर्षाचा आकडा १० लाखांवर गेला. २०१८ मध्ये १ कोटी ८४ लाख. २०२३ मध्ये ३ कोटी ६२ लाख. दर सेकंदाला एकीहून जास्त. आता त्याच डेक्कन क्वीनच्या त्याच फेरीत एक नाही, दहा नाही, हजारही नाही, १३ हजार खबरा येऊन पडतात. पंचवीस वर्षांत बारा हजार पट! जमिनीचे भाव वाढले, पेट्रोल वाढलं, सोनं वाढलं. बारा हजार पट यातलं काहीही वाढलं नाही.

२०२३ च्या त्या खबरांमध्ये साडेदहा कोटी फाइली होत्या. त्या छापून रुळांवर पसरल्या तर कुठपर्यंत जातील, हा हिशेब सोपा आहे, पण मी तो करणार नाही. एकच फाइल हजारदा फिरलेली असते हे खरं, तरी प्रत्येक फाइलीमागे कुणाचं तरी पोर आहे.

यातल्या ८९ लाख खबरांचा धागा भारतात पोचत होता. चारांतली जवळजवळ एक! आपली लोकसंख्या आणि आपल्याकडचे फोन बघता यात फार नवल नाही. २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने त्या संस्थेशी करार केला, तेव्हापासून या खबरा आपल्याकडे येतात. प्रत्येकीला एका अधिकाऱ्याने फक्त एक तास दिला, एकच, तर ८९ लाख तास. हजाराहून जास्त वर्षं! एकाच अधिकाऱ्यावर सोपवलं असतं तर त्याला यादवांनी देवगिरीला राजधानी करण्याच्याही आधी कामावर रुजू व्हावं लागलं असतं.

आणि हे आकडे मोठे लबाड असतात बरं का. २०२४ मध्ये खबरांची संख्या २ कोटी ५ लाखांवर आली. पाप कमी झालं का? छे. एकाच प्रकरणाच्या अनेक खबरा एकत्र बांधायची सोय झाली, म्हणून कागदावर आकडा घसरला. त्या गठ्ठ्यांत घटना होत्या २ कोटी ९२ लाख. शिवाय काही संदेशसेवांनी आपल्या गप्पांना कुलूप घातलं, तेव्हा आत काय चाललंय ते दिसेनासं झालं.

त्या कुलपाकडेच जाऊ आता. खरी गंमत तिथे आहे.

व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये प्रत्येक संदेशाला कुलूप लावलं. किल्ली फक्त दोघांकडे, पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे. कंपनीलाही आतलं दिसत नाही. ही किल्ली चोराने अंदाजाने शोधायची ठरवली तर किती किल्ल्या लावून बघाव्या लागतील? दोनाचा २५६ वा घात. लिहायला बसलात तर ७८ आकडी संख्या. पण ७८ आकड्यांनी काही डोळे विस्फारत नाहीत, म्हणून एक विहीर घेऊ. सहा मीटर व्यासाची, बारा मीटर खोल, काठोकाठ भरलेली. साधारण ३ लाख ४० हजार लिटर पाणी. या विहिरीतल्या पाण्याचे रेणू मोजले तर एकावर ३१ शून्यं. झाल्या का तेवढ्या किल्ल्या? कुठल्या! मग गावोगावी विहिरी खणू, घरोघरी खणू, जगातल्या ८०० कोटी माणसांना एकेक विहीर देऊ. एकावर ४१ शून्यंसुद्धा भरत नाहीत. तर आता असं करा. आपली अख्खी पृथ्वी घ्या, सह्याद्री, समुद्र, आतलं तप्त लोखंड, सगळी. तिचे अणू मोजा. दर दहा हजार अणूंमागे एकेक काठोकाठ भरलेली विहीर ठेवा. आणि त्या सगळ्या विहिरींतल्या पाण्याचे रेणू मोजा. साधारण तेवढ्या किल्ल्या!

जगातला प्रत्येक माणूस सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावत बसला, तरी सगळ्या लावून संपायला विश्वाचं आजवरचं वय, १३८० कोटी वर्षं, पुन्हा पुन्हा जगावं लागेल. किती वेळा? तीनावर ३७ शून्यं इतक्या वेळा. तुमच्या ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांना एवढा बंदोबस्त!

हे कुलूप तुमच्या मुलीनं मैत्रिणीला सांगितलेलं गुपित सांभाळतं. डॉक्टरला पाठवलेला अहवाल सांभाळतं, पत्रकाराला मिळालेली बातमी सांभाळतं, मार खाणाऱ्या बाईनं माहेरी धाडलेला निरोप सांभाळतं. आणि हेच कुलूप नराधमालाही सांभाळतं. कुलपाला माणूस ओळखता येत नाही.

कुलूप फुटत नाही म्हटल्यावर सरकारांनी दुसरी वाट काढली. कुलूप लावण्याच्या आधीच, तुमच्याच फोनमध्ये बसून, प्रत्येक फोटो तपासायचा. मे २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने या दिशेचा कायदा मांडला, आणि तिथे तीन वर्षांहून अधिक काळ त्यावर रण माजलं. युरोपीय संघात माणसं सुमारे ४५ कोटी. विरोधकांनी या कायद्याचं नावच पाडलं : ‘चॅट कंट्रोल’.

हेतू शंभर नंबरी. पण हेतूला गुणाकार कळत नाही, आणि इथे सगळा खेळ गुणाकाराचा आहे. तेव्हा पाटी-पेन्सिल घ्या.

२०२० मध्ये व्हॉट्सॲपवर दिवसाला १० हजार कोटी संदेश जात होते. मुंबईची लोकल दिवसाला ७५ लाख माणसं वाहते, आणि त्या गर्दीला जग दबकून असतं. १० हजार कोटी माणसं वाहायला लोकलला ३६ वर्षं लागतील. व्हॉट्सॲप तेवढे निरोप एका दिवसात वाहतं. सेकंदाला साडेअकरा लाख!

एक संदेश म्हणजे तांदळाचा एक दाणा समजा. किलोभर तांदळात साधारण ४० हजार दाणे बसतात. मग रोजच्या संदेशांचा तांदूळ झाला अडीच हजार टन. ४२ वाघिणींची एक पूर्ण मालगाडी, तांदळाने खच्चून भरलेली, रोज. मघाशी बघितलेल्या खबरा आठवतात? वर्षाला ३ कोटी ६२ लाख, म्हणजे दिवसाला एक लाखाच्या आत. त्या झाल्या अडीच किलो. वाण्याकडची एक पिशवी. या मालगाडीतून ही पिशवीभर खडे निवडायचे आहेत.

निवडणारं यंत्र आणा. कसं? हजारात ९९९ वेळा अचूक! एवढं अचूक यंत्र मिळालं तर कुणीही हरखेल, दहावीला ९९.९ टक्के मिळाले तर पेढे किती वाटाल? पण या यंत्राची हजारात एक चूक १० हजार कोटींवर चालवून बघा. १० कोटी चुका. रोज. अडीच टन निरपराध तांदूळ, ५० पोती, टेम्पो भरून! एकीकडे अडीच किलोची पिशवी, दुसरीकडे पोत्यांनी भरलेला टेम्पो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेले.

आता टेम्पो निवडा. प्रत्येक दाण्याला एक मिनिट द्या, त्याहून कमी वेळात कुणाच्या अब्रूचा निकाल लावू नये. १० कोटी मिनिटं म्हणजे पावणेसतरा लाख तास. आठ तासांच्या पाळीने २ लाख ८ हजार माणसं. महाराष्ट्राच्या पोलीस दलाचं संख्याबळ दोन लाखांच्या आसपास आहे. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा प्रत्येक पोलीस, महासंचालकांसकट, खुर्चीवर बसून दिवसभर लोकांचे संदेश बघणार. गणपतीचा बंदोबस्त नाही, नाकाबंदी नाही, चोर पकडणं नाही. आणि ज्यांना पकडायचं ते त्या पिशवीत निवांत!

कुणी म्हणेल, सगळे संदेश फोटो थोडेच असतात? बरोबर आहे. विसांतला एकच फोटो धरा. तरी रोज ५० लाख चुका, अडीच पोती. पिशवीच्या पन्नास पट. यंत्र दहापट सुधारा, हजाराऐवजी दहा हजारांत एक चूक. तरी पिशवीच्या पाचपट. हा हिशेब समजा-समजा करून मांडलाय हे उघड आहे, पण कुठलेही ‘समजा’ घाला, संख्या एवढी मोठी आहे की टक्क्याचा कण सांडला तरी त्याचा डोंगर होतो.

आणि कागदाबाहेर काय घडलं? आयर्लंडच्या पोलिसांकडे २०२० मध्ये अशा ४,१९२ खबरा पोचल्या. खरोखर अत्याचाराचं चित्रण निघालं ८५२ मध्ये. पाचांत एक. ४७१ तर सरळसरळ खोट्या घंटा होत्या. तरीही त्या ८५२ मोलाच्याच. त्यांतून एक मूल सुटलं तरी त्या वाया गेल्या म्हणायची माझी छाती नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत एका बापाने २०२१ मध्ये आजारी मुलाच्या सुजलेल्या भागाचा फोटो काढला, डॉक्टरला दाखवण्यासाठी. यंत्राने घंटा वाजवली. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी गूगलने खातं परत दिलं नाही. वर्षानुवर्षांच्या मेल, संपर्क, फोटो, मुलाच्या बाललीलांसकट सगळं गेलं. एक दाणा.

ॲपलनेही हा घाट घालून पाहिला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की फोनमधले फोटो क्लाउडवर चढण्याआधी फोनवरच ताडून बघू, आणि एखाद्या खात्यावर वर्षभरात चुकून आळ येण्याची शक्यता एक लाख कोटींत एक. एक लाख कोटी! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज होता १ लाख ८ हजार कोटी रुपये. त्या सगळ्या रकमेची एक-एक रुपयाची नाणी करून ढीग घातला आणि डोळे मिटून त्यातून नेमकं एक खुणेचं नाणं उचललं, तेवढी दुर्मीळ चूक. झकास! पण दोन आठवड्यांच्या आत हौशी संशोधकांनी दोन वेगळी चित्रं एकच खूण देतात असं मुद्दाम घडवून दाखवलं. शिवाय खरी भीती यंत्राच्या चुकीची नव्हतीच. आज यादीत अत्याचाराचे फोटो, उद्या कुण्या सरकारने यादीत सरकारविरोधी पोस्टर घातलं तर? झडती घेणारा तर आधीच खिशात बसलेला. सप्टेंबरात ॲपलने बेत लांबणीवर टाकला, डिसेंबर २०२२ मध्ये गुंडाळला.

ही भीती आपल्याला परदेशातून उसनी आणायची गरज नाही. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई का बंद, असं विचारणारी एक फेसबुक पोस्ट, आणि तिला एक लाइक. दोन तरुणींना अटक. दोन मुली, एक पोस्ट, एक लाइक, आणि कायद्याचं ६६ अ कलम. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ विरुद्ध शून्य. या लेखातल्या छोट्या आकड्यांपैकी हा एक, आणि मला विचाराल तर वजनाने पहिल्या तिनांत.

बरं, कुलूप राहू द्या. मुलांनाच आत येऊ दिलं नाही तर? ऑस्ट्रेलियाने हेच केलं. १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या खालच्यांना समाजमाध्यमांवर खातं नाही. कंपनीने पाळलं नाही तर दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, जवळजवळ ३०० कोटी रुपये. पहिल्या महिनाभरात ४७ लाख खाती बंद केल्याचं जाहीर झालं. देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास! ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून प्रौढांच्या साइटवर वय तपासणं सक्तीचं झालं. झाल्या झाल्या काय घडलं? पत्ता लपवून देणाऱ्या एका व्हीपीएन सेवेची नोंदणी १,४०० टक्क्यांनी उसळली. दाराला पहारा बसवला आणि खिडकीशी रांग लागली.

शिवाय सोळाखालचा कोण हे ओळखायचं तर सोळावरच्या प्रत्येकालाही वय दाखवावं लागतं. आपल्याकडे आणून बघा हे. सुमारे १०० कोटी प्रौढ. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रांगेत उभे केले तर रांग ५ लाख किलोमीटर. चंद्र ३ लाख ८४ हजारांवर आहे. रांग चंद्राला ओलांडून पुढे जाते. खिडकीवर एकच कारकून, माणशी एक मिनिट, तर १,९०० वर्षं! नाणेघाटात सातवाहनांची जकात घेणाऱ्या माणसाने त्या काळी ओळखपत्रं तपासायला सुरुवात केली असती, रांजणाशेजारी रात्रंदिवस बसून, तर त्याचं शेवटचं गिऱ्हाईक आत्ता कुठे येत असतं.

संगणक हे झटक्यात करतो, कबूल. पण संगणक ते साठवूनही ठेवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेने सांगितलं की तिच्यासाठी काम करणाऱ्या दुसऱ्या कंपनीतून सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो चोरीला गेले असावेत. वयाच्या तक्रारी सोडवण्यासाठी दिलेली ओळखपत्रं! दोन वानखेडे भरून माणसांचे चेहरे, नावं, जन्मतारखा. पासवर्ड गेला तर बदलता येतो. जन्मतारीख बदलून कुठून आणणार?

आणि आता या लेखातला माझा सगळ्यात लाडका हिशेब. श्वास धरा.

साइटला खरं म्हणजे काय हवं असतं? एकच उत्तर : अठरा पूर्ण आहेत का? हो किंवा नाही. संगणकाच्या भाषेत ही माहिती भरते एक बिट. संगणकाकडे याहून छोटं एकक नाही. आणि आपण काय देतो? ओळखपत्राचा फोटो. नाव, पत्ता, बापाचं नाव, चेहरा, सही, क्रमांक. फोनवरचा फोटो धरा २.४ एमबीचा. त्यात बिट किती? १ कोटी ९२ लाख. एक बिट म्हणजे एक सेंटिमीटर माना. १ कोटी ९२ लाख सेंटिमीटर म्हणजे किती किलोमीटर? १९२. आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे स्टेशनपर्यंत रेल्वेचं अंतर किती? १९२ किलोमीटर! दादर, ठाणे, कल्याण, कर्जत, खंडाळ्याचे बोगदे, लोणावळा, सगळं धरून. मागायचा होता एक सेंटिमीटर, नखाएवढा. मागितली मुंबई-पुणे लाइन!

मग एक सेंटिमीटरच देता येतो का? येतो! १९८५ मध्ये गोल्डवॉसर, मिकाली आणि रॅकॉफ या तिघांनी असा पुरावा मांडला की ज्यात गोष्ट सिद्ध होते पण समोरच्याला दुसरं काहीही कळत नाही. शून्य-ज्ञान पुरावा. आत काय चालतं ते समजून घ्यायला मला आणखी एक जन्म, म्हणजे यूट्यूबचा एक दिवस लागेल, म्हणून विश्वासावर घेऊ. ढोबळ गोष्ट अशी की एकेका फेरीत लबाडाला निभावून जाण्याची शक्यता निम्मी होते. एका फेरीत दोनांत एक, दुसरीत चारांत एक, दहावीत १,०२४ मध्ये एक, विसावीत दहा लाखांत एक, आणि चाळिसावीत? एक लाख दहा हजार कोटींत एक. पुन्हा तोच बुलेट ट्रेनच्या ढिगातला रुपया! आणि एवढं सगळं झाल्यावर साइटच्या हाती उरतं काय? ‘हो.’ नाव नाही, चेहरा नाही, तारीख नाही. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये फक्त ‘वय पुरेसं आहे’ एवढंच सांगणाऱ्या ॲपचा आराखडा खुला केला. आपल्याकडे आधार क्रमांक १४० कोटींच्या वर दिले गेले आहेत; एवढ्या मोठ्या यंत्रणेला एक बिट देणं जड जाऊ नये. तेव्हा ‘मुलांची सुरक्षा की तुमची गुपितं, एक काय ते निवडा’ असं दरडावणाऱ्याचं गणित कच्चं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक आकडा, ज्यासाठी कुठलंही कुलूप फोडायची गरज नव्हती. ब्रिटनमध्ये २०१७ साली चौदा वर्षांच्या एका मुलीने जीव दिला. २०२२ च्या मृत्युचौकशीत बाहेर आलं की शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर साठवलेल्या, लाइक केलेल्या, पुढे धाडलेल्या १६,३०० पोस्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्येबद्दलच्या होत्या. रोज अकरा-बारा. गुप्त संदेशांत दडलेल्या नव्हत्या त्या, उघड्यावरच होत्या. कुणी शोधल्या असतील नसतील, यंत्र त्या पुढ्यात आणून वाढत होतं, आवडतंय म्हणून आणखी वाढत होतं. या वाढप्याला आवरायला कुणाच्या खासगी गप्पा वाचाव्या लागत नाहीत.

आपला २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा इथे नेमकं बोट ठेवतो. अठराखालच्या मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पूर्ण अंमल त्यानंतर अठरा महिन्यांनी. आई-बापाची खात्रीशीर संमतीही त्यात आहे. २०११ च्या जनगणनेत अठराखालची मुलं होती ४४ कोटींच्या घरात. म्हणजे कोट्यवधी आई-बापांनी आपण आई-बाप असल्याचं सिद्ध करायचं. ते एका बिटात होतं की पुन्हा मुंबई-पुणे मागतात, हे सरकार आणि कंपन्या ठरवतील. तुम्हाला फॉर्म येईल तेव्हा मोजून बघा, आणि जास्त मागितलं तर का म्हणून विचारा.

तोवर एक काम आजच करण्यासारखं आहे. मुलांच्या अत्याचाराचं काही नजरेस पडलं तर ते कुणालाही, अगदी ‘बघा किती भयंकर’ म्हणूनही, पुढे पाठवू नका. तोही गुन्हा आहे. केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर कळवा. मूल संकटात असेल तर १०९८ लावा. आणि त्या संकेतस्थळावर मुलांविषयीची ही तक्रार नाव न देताही करता येते.